लाल पट्टी

मला पोहता येतं. आधी हे सांगून टाकतो, कारण गेला आठवडाभर ते कोणी ऐकून घेत नाहीये. मनगटावर अजून ती कागदी पट्टी आहे. एकदा चिकटली की कापल्याशिवाय निघत नाही, आणि मी ती कापत नाहीये. पुरावा म्हणून ठेवलीय. ऑफिसच्या वॉचमनने विचारलं, "साहेब, कुठं ॲडमिट होता?" आता त्याला काय सांगणार, की धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, उन्हाळी शिबिरात मला पाण्यापासून लांब ठेवण्यासाठी हे बांधलंय?

आमच्या वसईत मे महिना म्हणजे लग्नं, सुकेळी आणि शिबिरं. वेदीसेवकांचं शिबिर, दृढीकरणाच्या मुलांचं शिबिर, युवकांचं शिबिर. यंदा पोरांना कर्जतकडे पेज नदीकाठी नेणार होते आणि सोबत चार मोठी माणसं हवी होती. मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, फादरांनी माझ्याकडे बघून स्मित केलं. ज्याला फादरांच्या त्या स्मिताला नाही म्हणता येतं, असा माणूस मला अजून भेटायचाय.

पहाटे चर्चच्या आवारात बस उभी. दाराशी गळ्यात शिटी, हातात क्लिपबोर्ड असा एक स्वयंसेवक. वय एकोणीस. याच्या बाप्तिस्म्याला मी जेवलोय, आणि नंतर रविवारच्या धर्मशिक्षणाला हा माझ्याच वर्गात होता.

"अंकल, तुमचा फॉर्म अपुरा आहे. पालकांची सही नाहीये."

"अरे, मीच पालक आहे."

"ते मुलीच्या फॉर्मवर. हा तुमचा फॉर्म."

"माझ्या फॉर्मवर पालकाची सही कशाला?"

"रकाना आहे ना, अंकल. रकाना रिकामा असला की इन्शुरन्सवाले फॉर्म परत पाठवतात."

"बरं, मग मीच करतो सही. झालं?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग अतिशय नम्रपणे म्हणाला, "स्वतःच स्वतःचे पिता कसे व्हाल, अंकल? पिता वेगळा, पुत्र वेगळा. तुम्हीच शिकवलंय."

पवित्र त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा वेगळे तरी देव एकच, हा धडा या पोराच्या डोक्यात शिरावा म्हणून मी एक अख्खं वर्ष घसा कोरडा केला होता. परीक्षेत त्याने तिथे मोकळी जागा सोडली. आणि आज, पहाटे, बसच्या दारात, त्याला तो आठवला.

"बायकोची चालेल?"

"बायको पालक नसते, अंकल."

मागे रांग लागली होती. पोरं दात काढत होती. एक आई दुसरीला म्हणाली, "सही आणायची राहिली वाटतं यांची." आणि नेमकी त्याच क्षणी माझी आई सहाच्या मिस्सासाठी फाटकातून आत आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, हातात रोझरी, डोळ्यांवर चष्मा. शिटीवाल्याचा चेहरा उजळला. "आजी, एक मिनिट!"

आईने आयुष्यात कुठल्याही कागदावर न वाचता सही केलेली नाही. ती पायरीवर बसली, फॉर्म मांडीवर घेतला आणि पेन मागितलं. नुसती सही हवी होती. तिने सगळे रकाने भरले. ॲलर्जी: 'कोलंबी खाल्ल्यास पित्त उठते.' विशेष सूचना: 'रात्री पांघरूण लाथाडतो, कोणीतरी बघावे.' आणि मग तो रकाना आला. पोहता येते का? तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नाही', आणि खाली रेघ मारली.

यात तिची चूक नाही. तिच्या लेखी मला पोहता येत नाहीच. मी शिकलो बावखलात, केळीच्या खोडाला लटकून, आणि आमच्या आळीतल्या प्रत्येक घरातून बावखलात उतरायला सक्त बंदी होती. आम्ही केस वाळवून, डोक्याला तेल चोपडून घरी जायचो. हे इतकी वर्षं दडवलेलं प्रकरण चर्चच्या पायरीवर, घंटा व्हायच्या बेतात, फादर चार पावलांवर उभे असताना उघड करायचं? मी गप्प बसलो. शिटीवाल्याने माझ्या मनगटावर लाल पट्टी चिकटवली. पोहणाऱ्यांना हिरवी होती.

बावखल म्हणजे काय हे वसईबाहेर पुन्हा पुन्हा समजावावं लागतं. वाडीतलं खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं ते. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं आणि समुद्र इतका जवळ असूनही आमच्या विहिरी गोड राहायच्या. बागायत त्यावर जगायची, पोरं त्यात डुंबायची, आणि या सगळ्याला फी नव्हती. मी शिकलो त्या बावखलावर आज बिल्डिंग आहे. बिल्डिंगचं नाव 'लेक व्ह्यू'. तिला रोज टँकर लागतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईची माणसं हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरली, अंगावर संकटं घेतली. तेव्हा ज्यांनी 'विकास नको का?' म्हणून नाकं मुरडली, त्यांची नातवंडं आता पैसे भरून, बसमध्ये बसून, शंभरेक किलोमीटर लांब 'निसर्ग शिक्षण' घ्यायला जातात. तिथे त्यांना बेडूक दाखवतात. बेडूक! आमच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून आम्ही कंदील घेऊन फिरायचो. असो. फार बोललो की बायको म्हणते, रक्तदाब तपासून घ्या.

शिबिर तसं छान होतं. गटांना संतांची नावं. मोठ्या मुलांचा गट पिएर जॉर्जो फ्रासातींचा, डोंगर चढणाऱ्या इटालियन तरुणाचा. लहानांचा कार्लो अकुतिसचा. दोघांनाही ७ सप्टेंबर २०२५ या एकाच दिवशी संतपद मिळालं, त्यामुळे दोन्ही गटांत बरोबरीची खुन्नस. मोबाइल जमा करायची वेळ आली तेव्हा एका कार्ट्याने हात वर केला. "फादर, संत कार्लोकडे कॉम्प्युटर होता. त्याने वेबसाइट बनवली." फादरांनी त्याचं कौतुक केलं आणि मोबाइल काढून घेतला.

मग नदी. पेजेला भर मे महिन्यातही पाणी असतं, कारण भिवपुरीच्या टाटांच्या वीजगृहातून सुटलेलं पाणी तिच्यात येतं. गार, वाहतं, कमरेएवढं. कमरेएवढं! हिरव्या पट्ट्यांची पोरं कयाकमध्ये बसून आरडाओरडा करत निघाली. मी काठावर, दगडावर, लाल पट्टीवाल्यांत. आम्ही तिघं: मी, कान फुटलेला एक मुलगा आणि नुकत्या कांजिण्या येऊन गेलेली एक मुलगी. तिघांच्याही अंगात नारिंगी लाइफजॅकेट. काठावर!

"अरे, मला येतं पोहायला," मी शिटीवाल्याला म्हटलं. "आत्ता उतरून दाखवतो."

"उतरल्याशिवाय कळणार नाही, आणि लाल पट्टीला उतरता येत नाही, अंकल."

"मग पट्टी बदल."

"लेखी आहे. खाली रेघपण मारलीय आजींनी."

कान फुटलेल्याने बराच वेळ माझ्याकडे निरखून पाहिलं. "अंकल, तुम्हाला काय झालंय?"

"काही नाही. आई नको म्हणाली."

"माझीपण," तो म्हणाला, आणि सरकून जवळ बसला. तेवढ्यात समोरून माझी मुलगी वल्हं मारत गेली. "पप्पा, पाय बुडवू नका हं!"

त्या रात्री शेकोटीभोवती फादरांनी पोप जॉन पॉल दुसरे यांची गोष्ट सांगितली. ते साधे धर्मगुरू असताना पोलंडमध्ये तरुणांना घेऊन कयाकवर जायचे. कम्युनिस्ट राजवट, तरुणांसोबतचा धर्मगुरू म्हणजे संशय. म्हणून पोरं त्यांना 'काका' म्हणायची. नदीकाठी कयाक उपडी घालून तिचीच वेदी करायचे. १९५८ साली बिशपपदाचा निरोप आला तोही कयाकच्या सहलीवर असताना. वॉर्सोला जाऊन होकार दिला आणि पुन्हा पोरांत येऊन वल्हं धरलं. पोरं भारावून गेली. मी मात्र एवढाच विचार करत होतो, की वोयतिवांच्या, म्हणजे पुढे पोप झालेल्या याच काकांच्या, फॉर्मवर कोणी सही केली असेल? आई तर बिचाऱ्याची लहानपणीच वारली होती. आमच्या शिटीवाल्यापुढे ते बसमध्येसुद्धा चढले नसते, पोप होणं तर दूरच.

परत आल्यावर रविवारी मी त्याला चर्चच्या ऑफिसात गाठलं. फीच्या पावतीवर 'जलक्रीडा – ४५० रुपये' असं स्वच्छ लिहिलं होतं. ते परत मागितले.

"लाइफजॅकेट दिलं होतं ना, अंकल?"

"दिलं होतं."

"घातलं होतं ना?"

"काठावर."

"मग वापर झाला की." त्याने क्लिपबोर्डवर एक टिकमार्क केली.

मी म्हटलं, मग निदान पावती तरी खरी द्या. 'जलक्रीडा (काठावरून)' असं लिहा. तेवढं मात्र त्याने लगेच लिहून दिलं, तारीख घालून, शिक्क्यासकट.