भिंतीवरचा लोगो पोराला शिकवत नाही

माझ्या आतेबहिणीने परवा एक मेसेज पुढे ढकलला आणि खाली विचारलं, ‘दादा, उद्या शेवटची तारीख आहे म्हणतात, पैसे भरून टाकू ना?’ तिचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. मी स्वतः ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवर पकडी लावून समोरच्याला हार मानायला लावायचा खेळ, खेळतो, म्हणून तिने विचारलं तरी. नाशिकमध्ये इंदिरानगरपासून गंगापूर रोडपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हाच मजकूर फिरतोय, आणि प्रत्येकाच्या घरात विचारायला कोणी असेलच असं नाही. म्हणून इथे लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा. मुलाला जिउ-जित्सूला घालायचं तर आंतरराष्ट्रीय ब्रँडच्या अकादमीतच घाला, बाकीचे यूट्यूब बघून शिकवतात. ब्रँडकडे दीड वर्षात ब्लॅक बेल्टची हमी. तिथे टॅप करून, म्हणजे हार मानून, सुटायची सवय लावत नाहीत, म्हणून मुलं कणखर होतात. शिस्त एवढी की पालकांनाही आत प्रवेश नाही. कुस्ती-ज्युदोत वेळ घालवू नका. हा ऑलिम्पिकचा खेळ आहे, दहावीला गुण मिळतात. वर्षाचे 48 हजार एकरकमी, सवलत याच आठवड्यापुरती. खाली कोणाचंही नाव नाही.

ब्लॅक बेल्टची हमी सगळ्यात आधी घेतो, कारण ती वाचून माझा संताप झाला. आयबीजेजेएफ ही या खेळातली सगळ्यात मोठी स्पर्धा भरवणारी संघटना. तिचे पट्ट्यांचे नियम उघड आहेत, कोणीही वाचू शकतं. सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी पट्टे वेगळे आहेत: पांढऱ्यानंतर करडा, सातव्या वर्षापासून पिवळा, दहाव्यापासून नारिंगी, तेराव्यापासून हिरवा. म्हणजे अकरा वर्षांचं मूल कितीही हुशार असलं तरी आज नारिंगीच्या पुढे जाऊ शकत नाही. दीड वर्षाने फार तर हिरव्याच्या उंबरठ्यावर येईल. ब्लू बेल्ट सोळाव्या वर्षाआधी मिळत नाही आणि ब्लॅक बेल्ट एकोणिसाव्या वर्षाआधी नाही. माझ्या भाच्याला ब्लॅक बेल्ट मिळायला नियमानेच किमान आठ वर्षं आहेत. दीड वर्षाची हमी देणारा माणूस एकतर हे नियम वाचलेला नाही, नाहीतर वाचूनही खोटं बोलतोय. दोन्ही प्रकारच्या माणसाच्या हाती मी मूल देणार नाही.

मोठ्यांचं गणितही असंच आहे. ब्लूवर किमान दोन वर्षं, पर्पलवर दीड, ब्राऊनवर एक. ही साडेचार वर्षं झाली, त्यात पांढऱ्या पट्ट्यावरचा काळ धरलेलाच नाही. प्रत्यक्षात नियमित खेळणाऱ्या माणसाला दहाएक वर्षं लागतात. यावर कोणीतरी बी. जे. पेन या अमेरिकन खेळाडूचं नाव काढतंच. हो, तो 1997 च्या सुमारास खेळू लागला आणि 2000 साली ब्लॅक बेल्ट होऊन त्याच वर्षी विश्वविजेताही झाला. पण तो तरणाबांड होता, दिवसदिवस मॅटवर असायचा, आणि त्याच्या त्या वेगाचं कौतुक जगभर अजून होतं ते तसं सहसा घडत नाही म्हणूनच. नाशिकमध्ये आठवड्याला तीन संध्याकाळी तासभर येणाऱ्या पाचवीतल्या पोराला त्याच्या रांगेत बसवणं ही पालकांची फसवणूक आहे.

पट्ट्याच्या खोट्याने पैसे जातात. टॅपच्या खोट्याने मुलाचा हात जाईल.

टॅप म्हणजे काय ते ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. समोरच्याने तुमचा हात सरळ ताणून कोपर उलट बाजूला वाकवायला घेतलं, किंवा मानेभोवती पकड बसली, की तुम्ही त्याच्या अंगावर किंवा मॅटवर हाताने दोनदा थोपटता. हात अडकले असतील तर तोंडाने ‘टॅप’ म्हणता. समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. मग हात मिळवायचे आणि पुन्हा सुरू. सगळा खेळ या एका करारावर उभा आहे. तो आहे म्हणूनच आम्ही रोज पूर्ण जोर लावून खेळतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो.

मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर माणूस साधारण दहा सेकंदांत बेशुद्ध पडतो. त्यात ‘सहन करणं’ असं काही नसतंच, कारण बऱ्याचदा दुखण्याआधी शुद्ध जाते. टाच पिळून गुडघ्यावर ताण आणणारा हील हुक तर आणखी फसवा आहे. दुखायला लागेपर्यंत गुडघ्यातला अस्थिबंध गेलेला असू शकतो. म्हणूनच आयबीजेजेएफने गी, म्हणजे जाड कापडाचा पोशाख, घालून खेळायच्या प्रकारात तो सगळ्यांनाच बंद ठेवलाय, आणि गीशिवायच्या प्रकारात 2021 पासून फक्त प्रौढ ब्राऊन आणि ब्लॅक बेल्टना मोकळा केलाय. अनुभवी लोकांबाबत संघटना एवढी जपून वागते, आणि इथे कोणी शहाणा सांगतोय की वाढत्या हाडांच्या मुलांना टॅप करू न दिल्याने ती कणखर होतात! चांगला कोच पहिल्या दिवशी दोनच गोष्टी घोटून घेतो: टॅप कसा करायचा, आणि समोरच्याने टॅप केल्यावर लगेच कसं सोडायचं. दुसरी जास्त महत्त्वाची. ट्रायल क्लासला गेलात तर तेवढंच बघा. टॅपनंतरही पकड धरून ठेवणाऱ्या मोठ्या मुलाला कोच तिथल्या तिथे बोलतो की बघून सोडून देतो?

आणि ते बघायला आत बसता आलं पाहिजे. पालकांना प्रवेश नाही ही शिस्त नव्हे. हा अंगाला अंग भिडवून खेळायचा खेळ आहे; मुलं एकमेकांच्या अंगावर, छातीवर, पाठीवर असतात, कोच हाताने पकडून पवित्रा दुरुस्त करतो. अशा ठिकाणी दार बंद ठेवायला सांगणारी जागा कितीही मोठ्या नावाची असो, तिथून मुलाला घेऊन घरी या. मूल आईकडे बघत बसतं, लक्ष विचलित होतं, ही कोचची तक्रार मला मान्य आहे. त्यासाठी मागे खुर्ची टाकता येते, काच लावता येते. मुलींच्या पालकांना तर मी हात जोडून सांगतो, या एका मुद्द्यावर कोणाच्याही शब्दाला भुलू नका.

आता ब्रँड. मेसेजमध्ये अर्धं खरं आहे ते नाइलाजाने मान्य करतो. यूट्यूब बघून शिकवणारे आहेत. कराटेच्या बोर्डवर रातोरात ‘बीजेजे’ (ब्राझिलियन जिउ-जित्सूचं लघुरूप) वाढवलेलं मीही पाहिलंय. आणि ग्रेसी बारा किंवा अलायन्ससारख्या आंतरराष्ट्रीय नावाशी एखादी जागा खरोखर जोडलेली असेल तर काही गोष्टी पदरात पडतात: ठरलेला अभ्यासक्रम, वरून येऊन पट्टे तपासणारा कोणीतरी, उद्या मुलगा शिकायला पुण्याला किंवा बंगळूरला गेला तर तिथे ओळख. हे फुकट नाही आणि त्याचे थोडे जास्त पैसे मागितले तर तक्रार नाही.

पण नाव आणि माणसं एकत्र राहतातच असं नाही. न्यूयॉर्कच्या रेन्झो ग्रेसी अकादमीत कोच जॉन डॅनहर यांच्या हाताखाली तयार झालेला गट एकेकाळी जगात सगळ्यात दरारा असलेला होता. 2021 मध्ये तो फुटला आणि त्यातून दोन नवी नावं उभी राहिली, न्यू वेव्ह आणि बी-टीम. खेळाडू तेच, विद्या तीच, पाट्या बदलल्या. ॲटॉस आणि चेकमॅट ही आजची मोठी नावं 2008 मध्ये अशाच एका फुटीतून आली. जिथे हा खेळ मुरलाय तिथे ही अवस्था, तर सातासमुद्रापलीकडच्या नावाचा फलक नाशिकच्या हॉलमध्ये लावल्याने मॅटवर कोण उभं आहे ते कळत नाही. ते विचारूनच कळतं: तुमचा पट्टा कोणता, तो कोणी दिला, कधी दिला, तुम्ही अजून कोणाकडे शिकता? आपल्याकडे हा खेळ नवा आहे, बऱ्याच ठिकाणी ब्लू किंवा पर्पल बेल्टच शिकवतो आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जो सरळ सांगतो ‘मी ब्लू आहे, माझे कोच अमुक, तीन महिन्यांनी त्यांच्याकडे जाऊन येतो’, त्याच्याकडे मुलाला घालायला मी तयार आहे. प्रश्न ऐकून जो चिडतो त्याच्याकडे नाही.

48 हजारांचा हिशेब सोपा आहे. वर्षभर आठवड्याला तीन दिवस मूल गेलं तर तासाला तीनशेच्या आसपास पडतात. पण परीक्षा, पावसाळ्यातली आजारपणं, दिवाळी धरून बघा. आणि तिसऱ्या महिन्यात त्याने ‘मला नाही जायचं’ म्हटलं, तर तोच तास साडेबाराशेच्या घरात जातो. लहान मुलं खेळ सोडतात, त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून आधी महिन्याची फी, पटलं तर तीन महिन्यांची. महिन्याची फी घ्यायलाच तयार नसतील तर तेही एक उत्तर आहे. त्यांच्याच लोगोचा गी सक्तीने घ्यायला लावत असतील तर त्याचे पैसे वेगळे धरा. स्पर्धेला पांढरा, निळा किंवा काळा, मापात बसणारा कोणत्याही कंपनीचा गी चालतो. अंतरही हिशेबात घ्या. संध्याकाळी सहाला इंदिरानगरच्या बोगद्यातून गंगापूर रोड गाठायचा रोजचा खटाटोप दोन महिन्यांत उत्साह संपवतो. घराजवळची बरी जागा लांबच्या नामांकित जागेपेक्षा मुलाला जास्त शिकवते, कारण ते तिथे जातं तरी.

मॅट रोज जंतुनाशकाने पुसली जाते का, तेही विचारा. नायट्याची बुरशी आता नेहमीच्या औषधांना सहज दाद देत नाही, हे कोणताही त्वचारोगतज्ज्ञ सांगेल.

कुस्ती-ज्युदोबद्दलचं वाक्य वाचून वाईट वाटलं. या खेळाचं मूळच ज्युदोत आहे. कोडोकान या जपानमधल्या ज्युदोच्या मूळ शाळेचे मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला गेले आणि हा खेळ घडवणाऱ्या ग्रेसी कुटुंबाला विद्या त्यांच्याकडून मिळाली. आणि कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला कुस्तीतच पदक आणलं. कुस्ती चितपट झाली की संपते आणि जिउ-जित्सूचं निम्मं शास्त्र पाठीवर पडल्यानंतर सुरू होतं, हा फरक खरा. त्यामुळे तालमीतला वस्ताद तुम्हाला गार्ड, म्हणजे पाठीवर पडून पायांनी समोरच्याला आवरणं, शिकवणार नाही. पण समोरच्याला खाली कसं घ्यायचं हे त्याच्याइतकं चांगलं आमच्यातले फार थोडे शिकवतात. पंचवटीत किंवा सिडकोत घराजवळ चांगली तालीम असेल आणि जिउ-जित्सूची बरी जागा नसेल, तर मुलाला बेलाशक तालमीत घाला.

राहिलं ऑलिम्पिक. ज्युदो 1964 मध्ये ऑलिम्पिकमध्ये आला, कुस्ती त्याच्याही आधीपासून आहे. ब्राझिलियन जिउ-जित्सू नाही. जु-जित्सू नावाचा जवळचा प्रकार 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत होता, तेवढ्यावरून कोणीतरी ऑलिम्पिक जोडून दिलं. दहावीचे वाढीव गुण मान्यताप्राप्त खेळाच्या मान्यताप्राप्त स्पर्धेलाच मिळतात, खासगी स्पर्धेच्या चकचकीत प्रमाणपत्राला नाही. ज्या स्पर्धेच्या जोरावर गुण मिळतील असं सांगितलं जातंय, तिचं नाव कागदावर लिहून घ्या आणि पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात दाखवून या.