दिव्याला तडा नाहीये ताई (दुकानाकडून उत्तर)

नमस्कार ताई, दुकानाचा मालकच लिहितोय. दोन स्टार दिलेत, द्या, पण तुम्ही लिहिलंय की तडा गेलेला, वायर बदललेला हा जुना मातीचा टांगता दिवा साडेनऊ हजाराला गळ्यात मारला, मोरबीला असला तीनशेला मिळतो, उजेड पडत नाही आणि वर आम्ही फोन उचलत नाही. हे चार लोक वाचणार म्हणून इथेच उत्तर देतो.

आधी फोनचं. तुम्ही केलात 15 जानेवारीला. बडोद्यात राहून वाशी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, कोण दुकान उघडतं हो, आम्ही सगळे गच्चीवर पतंग उडवत होतो. 16 ला मी दोनदा लावला, तुम्ही नाही उचलला, असो.

आता तडा. घरी आजीची लोणच्याची बरणी असेल ना, वर चॉकलेटी खाली पांढरी, तीही या दिव्यासारखी स्टोनवेअरच, म्हणजे खूप कडक भाजलेली माती, तिच्या पांढऱ्या भागावर केसासारखी बारीक जाळी दिसते का बघा. भट्टी गार होताना वरचं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा थर, आतल्या मातीपेक्षा जास्त आकसतं, ताणलं जातं आणि रेघा पडतात, दिव्यावरच्या रेघा त्याच. आतली माती 1200 डिग्रीच्या वर भाजून दगड झालेली असते, तिला काही होत नाही. खात्री करायची तर दिवा उतरवून हातात दोरीने लटकता धरा आणि बोटाच्या पेराने वाजवा, टण्ण वाजला तर अखंड, भद्द वाजला तर तडा. तुमच्यासमोर वाजवून दाखवला होता, पण मिस्टर तेव्हा समया बघत होते आणि तुम्ही त्यांना बोलावत होतात.

वायर बदललीये, आणि ते बिलावर लिहिलंय. साठेक वर्षांपूर्वीचं रबर, हात लावला की भुगा होत होता, तो तसाच तुमच्या घरी लटकवून दिला असता तर? शिवाय दिवा डेन्मार्कचा, तिकडचा होल्डर आटेवाला, आपले बल्ब पिनवाले. जुना बेकेलाइटचा होल्डर पिशवीत वेगळा दिलाय, टाकू नका प्लीज.

मोरबीबद्दल मला आदरच आहे, माझ्या घरच्या टाइल्स तिथल्याच. पण तो प्रेसमधला माल, एकासारखी एक. हा दिवा डेन्मार्कच्या बॉर्नहोल्म बेटावर एका माणसाने चाकावर ओढलाय. आतून हात फिरवा, बोटांच्या वळ्या लागतात, आणि वायरच्या भोकाशी त्याच्या अंगठ्याचा ठसा आहे, त्यात ग्लेझ साचून काळपट निळं झालंय. मी तर त्या ठशासाठीच घेतला होता, विकताना जिवावर आलं होतं खरं सांगायचं तर.

उजेडाचं म्हणाल तर ही माती आहे, काच नाही, उजेड खालीच पडणार. टेबलाच्या वर सव्वादोन-अडीच फुटांवर लावला की जेवणाच्या ताटांवर मस्त पडतो. तुम्ही फोटोत तो छताला चिकटवलाय आणि खोलीभर उजेड मागताय.

आणि त्याच फोटोत मला माझी चूक दिसली. दिवा साडेतीन किलोचा आहे, हुक स्लॅबमध्येच हवा आणि वजन साखळीवर हवं, हे मी तेव्हा बोललोच नाही. तुमच्या इलेक्ट्रिशियनने तो पीओपीला नुसत्या वायरवर टांगलाय. वायरवर वजन आलं की होल्डरचे स्क्रू ओढले जातात, आणि एक दिवस सगळं खाली. सॉरी ताई, हे सांगणं माझं काम होतं. आजच मेन स्विच बंद करून उतरवा.

गुरुवारी माझा माणूस पाठवतो, हुक मारून साखळीवर लावून देईल, पैसे नाहीत. नकोच असेल तर दांडिया बाजारात दुकानावर आणा, पूर्ण पैसे परत. फक्त गोधडीत गुंडाळून रिक्षाने आणा. मागच्या वेळी ॲक्टिवाच्या हुकला पिशवी अडकवून नेलात, सुरसागर तलावाच्या वळणापर्यंत मी दारात उभा राहून बघत होतो.