"सवाल ईचारीसन काय व्हस?"

दादा, तुमची प्रतिक्रिया पाच दिवस तशीच ठेवली होती. रागावलो म्हणून नव्हे. राग पहिल्याच संध्याकाळी चहाबरोबर उतरला. मग लक्षात आलं की तुमचं निम्मं म्हणणं खरं आहे, आणि त्यावर दोन ओळी लिहिणं म्हणजे कचेरीतून 'आपला अर्ज प्राप्त झाला' असा कागद पाठवण्यासारखं होईल. म्हणून सविस्तर.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की आमदार मतं मागायला दारात आला की रस्ता-गटारीच्या आधी त्याला विचारा: पोलिस, कोर्ट, आश्रमशाळा, अत्याचारग्रस्तांची मदत यांवर तुम्ही सभागृहात मंत्र्यांना काय विचारलं, आणि आलेली उत्तरं दाखवा. त्यावर चोपड्याच्या या वाचकाने अहिराणीतच हाणलं: "नाना, सवाल ईचारीसन काय व्हस?" (प्रश्न विचारून काय होतं?) पुढे मराठीत मुद्दे. प्रश्न म्हणजे नाटक. आमदाराचा एक फोन ठाण्यात गेला की जे होतं ते शंभर प्रश्नांनी होत नाही. कोर्टातल्या प्रकरणावर सभागृहात बोलताच येत नाही. प्रश्न विकले जातात, ते आपल्याच जळगाव जिल्ह्याने पाहिलं. आणि शेवटी: आमच्या गल्लीतल्या एका मुलीचा पोक्सोचा (बाललैंगिक अत्याचाराचा) खटला तीन वर्षं रेंगाळलाय, तिला तुमचा तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) काय देणार?

जाता जाता तुम्ही माझी एक चूकही पकडलीत. ती आधी निकालात काढतो. महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारा शक्ती कायदा लागू असल्यासारखं मी लिहून गेलो. लागू नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते विधेयक एकमताने मंजूर केलं, टाळ्या झाल्या, पेढेही वाटले गेले असतील. पण फौजदारी कायदा समवर्ती सूचीतला (केंद्र आणि राज्य दोघांनाही करता येणारा), राष्ट्रपतींची संमती हवी, ती मिळालीच नाही. दरम्यान ज्या भारतीय दंड संहितेत ते दुरुस्ती करणार होतं ती संहिताच १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाली. चूक माझी. लेखात दुरुस्त केली आहे.

आता विकलेल्या प्रश्नांचं. हे तुम्ही लिहिलंत तेव्हा मला बोचलं, कारण लेखात मी ते सोयीने टाळलं होतं. डिसेंबर २००५ मध्ये टीव्हीवर छुप्या कॅमेऱ्याचं चित्रण आलं, संसदेत प्रश्न विचारण्यासाठी खासदार पैसे घेताना दिसले, आणि २३ डिसेंबरला ११ जणांचं सदस्यत्व गेलं. दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचा. त्या ११ मध्ये जळगाव आणि एरंडोल हे आपले दोन्ही मतदारसंघ होते. अख्ख्या देशात ११, त्यात दोन एकाच जिल्ह्यातले! (एरंडोल मतदारसंघ पुढे २००९ पासून नकाशावरूनच गेला, त्याचा याच्याशी संबंध नाही, पण आमच्या कचेरीत त्यावर विनोद व्हायचे.) पुढे जानेवारी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही हकालपट्टी वैध ठरवली.

पण दादा, हाच दाखला तुमच्या पहिल्या मुद्द्यावर उलटतो. प्रश्न नुसतं नाटक असेल तर त्याला गिऱ्हाईक कुठून आलं? पैसे मोजणाऱ्याला ठाऊक असतं की अमुक प्रश्न छापून आला की अमुक फाइल हलते, अमुक कंपनीला घाम फुटतो. आपण मतदार तेवढे 'काय व्हस' म्हणत बसलोय.

फाइल कशी हलते ते मला सांगता येईल, कारण ती हलवणाऱ्यांत मी होतो. तालुक्याचं नाव सांगत नाही. अव्वल कारकून होतो, टेबलावर इतर गठ्ठ्यांबरोबर अत्याचारग्रस्तांच्या मदतीचा गठ्ठा होता. तुम्हाला माहीत असेल, अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारात, पीडित कुटुंबाला सरकारी मदत मिळते आणि ती टप्प्याटप्प्याने मिळते: गुन्हा नोंदला की काही, दोषारोपपत्र कोर्टात गेलं की काही, निकालानंतर उरलेली. कायदा १९८९चा, नियम १९९५चे. कागदावर सगळं चोख. आमच्याकडे एका सालदाराच्या (वर्षाच्या कराराने शेतावर राबणाऱ्या गड्याच्या) कुटुंबाचा पहिला टप्पा चौदा महिने पडून होता. कारण? प्रस्तावाला जातीच्या दाखल्याची प्रत जोडलेली नव्हती. प्रत आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या टेबलात होती. सालदाराची बायको दर बाजारच्या दिवशी यायची, दाराशी बसायची, 'साहेब मीटिंगला गेलेत' ऐकून जायची. तिला ते सांगणारा मीच.

मग एका दुपारी एलएक्यू आला. बाहेरच्यांना हा शब्द ठाऊक नसतो; कचेरीत त्याच्याइतका घाबरवणारा दुसरा नाही. विधानसभेतला प्रश्न. वर लाल शाईत 'विधिमंडळ कामकाज, अत्यंत तातडीचे', खाली 'माहिती आज सायंकाळपर्यंत विशेष दूतामार्फत'. कोणत्यातरी दूरच्या मतदारसंघातल्या आमदाराने विचारलं होतं की राज्यात मदत प्रलंबित असलेली प्रकरणं किती आणि विलंबाला जबाबदार कोण. आमच्या तालुक्याचं नावही त्यात नव्हतं. पण आकडा द्यायचा म्हणजे तो आकडा सभागृहात मंत्र्याच्या तोंडून निघणार. त्या रात्री साडेनऊपर्यंत दिवे चालू होते. वरच्या मजल्यावरची प्रत खाली आली. जिन्याच्या सोळा पायऱ्या, चौदा महिने लागले होते. दुसऱ्या दिवशी प्रस्ताव जिल्ह्याला गेला, आठवडा उलटला नाही तोच धनादेश निघाला, आणि मी स्वतः उत्तराच्या मसुद्यात लिहिलं: 'मदत अदा करण्यात आलेली आहे. विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही.'

उद्भवत नाही! हे वाक्य मी नोकरीत किती वेळा लिहिलं त्याचा हिशेब नाही. त्या बाईने ते कधी वाचलं नसेल. तिला पैसे मिळाले ते कसे, हेही तिला ठाऊक नाही; बहुधा तिला वाटलं असेल की साहेब अखेर मीटिंगहून आले.

म्हणजे प्रश्नाचा परिणाम उत्तरात दिसत नाही. उत्तर यायच्या आधीच तो होऊन जातो. छापील यादीत शेवटी उरतं ते 'हे खरे नाही', 'अंशतः खरे आहे', 'कार्यवाही सुरू आहे'. ते वाचून तुम्ही म्हणणारच, सगळं ठरलेलं नाटक. त्यात तुमचं काय चुकलं! ही वाक्यं वाचायलाही शिकावं लागतं. आमच्या भाषेत 'अंशतः खरे आहे' म्हणजे पूर्ण खरं आहे पण फोटो निघालेला नाही.

आता फोनचं. इथे तुमचा मुद्दा सर्वात वजनदार आहे, आणि इथेच आपलं पटणार नाही. फोनने काम होतं, नाकारतोय कोण? पोरगं रात्री ठाण्यात बसवून ठेवलंय, आई रडतेय, अशा वेळी आमदाराने अधिवेशनाची वाट बघावी असं मी म्हणणार नाही. पण फोन दोन्ही बाजूंनी लागतो. तुमच्या पुतण्याला सोडा म्हणून जो फोन जातो, त्याच नंबरवरून वाळूचा ट्रॅक्टर सोडा म्हणूनही जातो. गुटख्याची गाडी पकडली की ठाण्यातला फोन किती वेळ वाजत असतो ते तिथल्या ठाणे अंमलदाराला विचारा. गुटखाबंदी २०१२ पासून आहे, आणि कोणत्याही पानटपरीवर मागून बघा. फोनची नोंद नाही, जावक क्रमांक नाही, उद्या 'मी केलाच नव्हता' म्हणायची सोय. आणि फोन ओळखीच्या माणसासाठी होतो. त्या सालदाराच्या बायकोसाठी कोण करणार होतं?

प्रश्नाला मात्र क्रमांक पडतो, विचारणाऱ्याचं नाव छापलं जातं, उत्तराखाली मंत्र्याचं नाव येतं. मंत्र्याने 'करू' म्हटलं तर ते मंत्र्यांच्या शब्दांचा पाठपुरावा करणाऱ्या आश्वासन समितीच्या वहीत जातं आणि सरकार बदललं तरी तिथून निघत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये करोनाचं कारण देऊन संसदेचं अधिवेशन प्रश्नोत्तराच्या तासाविनाच घेतलं गेलं. लेखी उत्तरं चालू ठेवली, समोरासमोरचे पूरक प्रश्न तेवढे गेले. त्रास कशाचा होतो ते यावरून ओळखा.

न्यायप्रविष्ट, म्हणजे प्रकरण कोर्टात आहे, हा शब्द तर आपल्याकडे छत्रीसारखा वापरतात, पाऊस असो नसो उघडायची. घटनेच्या २११व्या कलमाने उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या न्यायदानातल्या वर्तनावर विधिमंडळात चर्चा करता येत नाही, आणि चालू खटल्यात साक्षीदार खरा की खोटा हेही तिथे ठरवायचं नसतं. बरोबरच आहे. पण सरकारी वकिलांच्या किती जागा रिकाम्या आहेत, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे किती अहवाल अडकलेत, समन्स घेऊन जाणारा पोलिस तीन वेळा 'घर बंद' लिहून का परततो, कोर्टाच्या इमारतीला निधी कधी, हे कुठे न्यायप्रविष्ट आहे? हा सरळ गृह आणि विधी व न्याय खात्याचा कारभार आहे. आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना उच्च न्यायालय म्हणजे संभाजीनगरचं खंडपीठ. धडगावच्या माणसाला जामिनाच्या अर्जासाठी सातपुड्यातून तिथवर जावं लागतं, यावर बोलायला कोणत्या न्यायाधीशाचा अवमान होतो?

राईनपाडा तुम्हाला आठवत असेलच. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुका. पोरं पळवणारी टोळी आली अशी मोबाइलवरची अफवा, आणि मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले गेले. मी तेव्हा धुळ्यातच होतो. त्या आठवड्यात कुणी कुणाच्या डोळ्यात बघत नव्हतं. तीनच दिवसांनी अधिवेशन सुरू झालं, त्या वर्षी पावसाळी अधिवेशन नागपूरला होतं. मारणारे कोण हे कोर्टाने बघायचं. पण भटक्या समाजाच्या माणसाकडे आपण कोण हे सांगणारा कागद का नसतो, अफवा आठवडाभर फिरत असताना पोलिसांनी गावोगाव काय केलं, हे मंत्र्यालाच विचारावं लागतं. त्याच महिन्यात, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबद्दल आदेश दिला: प्रत्येक जिल्ह्यात पोलिस अधीक्षकाच्या खालच्या दर्जाचा नसलेला नोडल अधिकारी, जलदगती न्यायालयात रोज सुनावणी, शक्यतो सहा महिन्यांत निकाल. आदेश कोर्टाचा, तो पाळला की नाही हे विचारायची जागा सभागृह. पहिल्या आठवड्यात सगळेच विचारतात. दुसऱ्या वर्षी विचारतो तो खरा आमदार.

तुमचं 'मुंबई-नागपुरात खान्देशचं कोण ऐकतं' हे मात्र चोपडेकराने म्हणू नये. विधानसभेच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर १९९० ते १९९५ खिरोद्याचे मधुकरराव चौधरी आणि १९९९ ते २००४ तुमच्याच गावचे अरुणभाई गुजराथी बसले होते. प्रश्न पुकारणारेच आपले होते. विचारणारे कमी पडले असतील.

राहिली तुमच्या गल्लीतली मुलगी. पोक्सो कायद्याचं ३५वं कलम सांगतं की न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपवावा. तीन वर्षं झाली म्हणता. एका मुलीच्या खटल्यावर प्रश्न विचारायचा नाही; नाव-गाव उघड होईल, ते कायद्यानेही चालत नाही. तिच्यासारख्या सगळ्यांचा मिळून विचारायचा. मी मसुदा करून ठेवलाय, जुन्या पठडीतला:

सन्माननीय गृहमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :
(१) जळगाव जिल्ह्यात पोक्सो कायद्याखालील खटले कलम ३५ मधील एक वर्षाची मुदत उलटूनही प्रलंबित आहेत, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, त्यांपैकी न्यायवैद्यक अहवाल न आल्याने, सरकारी वकील उपलब्ध नसल्याने व समन्स न बजावल्याने प्रलंबित असलेले खटले प्रत्येकी किती;
(३) उक्त खटले निकाली निघण्यासाठी शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

दुसरा उपप्रश्न नीट बघा. 'किती' विचारलं की कारकुनाला मोजावं लागतं, आणि मोजायला गठ्ठा उघडावा लागतो. 'हे खरे आहे काय' एवढ्यावरच थांबलात तर माझ्यासारखा कुणीतरी 'अंशतः' लिहून साडेपाचला घरी जाईल.

हा कागद तुमच्या आमदाराला नेऊन द्या, कोणत्या पक्षाचा ते मला सांगू नका. स्वीय सहायकाकडे ठेवून येऊ नका. पोच घ्या, तारखेसह. आणि उत्तर छापून आलं की प्रत मला पाठवा. त्यातली भाषा मी वाचून देतो, तीस वर्षं तीच लिहिली आहे.