काच चांगलीच, पण ती तडकते कशाने तेही सांगा

बाळाच्या दुधाला काचेची बाटली बरी की प्लास्टिकची, यावरचा लेख वाचला. ‘काचेची बाटली उकळता येते, म्हणून निर्धास्त वापरा’ हे त्यातलं वाक्य अर्धंच आहे. फ्रिजमधली थंडगार काच एकदम कढत पाण्यात गेली की तडकते. लेकरू चार महिन्यांचं असताना मी शाळेवर परत रुजू झाले. पंपाने काढलेलं अंगावरचं दूध घरी काचेच्या बाटलीत असायचं. एकदा सासूबाईंनी घाईत ती थेट गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली आणि बुडाशी केसाएवढी चीर गेली. काचेचा कण पोटात गेला तर, म्हणून सगळं दूध ओतून दिलं. त्या दिवशी मला रडूच आलं. तेव्हापासून बाटली आधी कोमट पाण्यात, आणि विकत घेताना बोरोसिलिकेट काच (गरम-थंडाचा फरक जास्त सोसणारी) बघूनच.

आमच्या लातूरकडच्या उन्हाळ्याचाही लेखात विचार नाही. काढलेलं दूध ४ तास बाहेर चालतं, ते २५ अंशांपर्यंत. इथे एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर, त्यात लाईट गेलेली. शाळेतून दूध मी बर्फाच्या डब्यातूनच आणायचे. काच की प्लास्टिक हे त्यानंतरचं. आणि अंगावर पिणारं लेकरू बाटली तोंडात धरत नसेल तर वाटी-चमच्याने पाजा, माझं तसंच प्यायचं.