पैसे देऊन बसवलेली गाडी

"जबाबदारी मालकाची." काल दुपारपासून हे दोन शब्द डोक्यातून जात नाहीत. चाकं सरळ करून घेतात त्या अलायमेंटच्या बिलावर, रकमेच्या खाली, निळ्या पेनाने, खास माझ्यासाठी लिहिलेले. रांगेत माझ्या आधी एक गाडी होती, तिचा मागचा दरवाजा सुतळीने बांधलेला. तिच्या बिलावर असलं काही नव्हतं. मी वाकून बघितलं.

थोडक्यात सांगतो. वयाच्या ४४व्या वर्षी मी माझी हॅचबॅक ४० मिलिमीटर खाली घेतली. का, ते विचारू नका. घरी विचारून झालंय. आखूड स्प्रिंगा, मजुरीसकट १६ हजार रुपये, नाशिकच्या कॉलेज रोडला दोन पोरांनी मान वळवून बघितलं, संपलं. तीन महिन्यांनी पंक्चरवाल्याने पुढचं टायर काढून आतली कड दाखवली. बाहेरून नवंकोरं, आतून तार डोकावतेय. "गाडी टायर खातेय," तो म्हणाला, "आणि उपास सोडल्यासारखी खातेय."

गाडी खाली बसली की दोन भानगडी होतात. चाक वरच्या बाजूने आत कलतं, तो कॅम्बर. आणि टाय रॉडचा, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांडीचा, कोन बदलला की चाकांची तोंडं समोर न राहता आत नाहीतर बाहेर वळतात, तो टो. कॅम्बर टायर सवडीने खातो, टो बकाबका. माझ्याकडे दोघंही एकाच पंगतीला बसले होते.

उंच होती तेव्हा याच गाडीच्या अलायमेंटला मी साडेतीनशे रुपये देत होतो. गंगापूर रोडच्या काचेच्या दुकानात त्याचे २,४०० सांगितले, वर जीएसटी. द्वारका चौकाच्या अलीकडे एकाने हो म्हटलं, पण रॅम्पच्या तोंडाशी बंपर टेकला आणि जो आवाज आला, त्याने समोरच्या रसवंतीवाल्याने चरक थांबवला. "उतरवा भाऊ, मागं घ्या, मागं घ्या." त्याने गाडीला हातही लावला नाही, वारस नसलेल्या पेशंटला दवाखान्यात ठेवतात तसं दारातच ठेवलं.

तिसरा गाळा अंबडला. मशीन चालवणारा पोरगा मिसळ खायला गेला होता. रविवारी सकाळी नाशकात कुठलाही माणूस सापडत नसेल तर तो मिसळ खायला गेलेला असतो. लग्नाच्या याद्यासुद्धा अकरानंतर होतात. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. शेजारच्या खुर्चीवर सत्तरीच्या पुढचे एक काका पेपर वाचत होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी. त्यांनी पेपर खाली केला, गाडीकडे पाहिलं, घडी घातली, उठले आणि पुढच्या चाकासमोर उकिडवे बसले.

"हिला काय झालंय?"

"काही नाही काका, अलायमेंट."

"ते नंतर. ही बसलीय का?"

"बसवलीय."

"कोणी?"

"मीच. म्हणजे पैसे देऊन बसवून घेतली."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बसलेली गाडी वर उचलायला लोक पैसे देतात, हे मला माहीत आहे."

पुढे कळलं ते असं की, काकांनी ३१ वर्षं ओझरला मिगमध्ये, म्हणजे विमानांच्या कारखान्यात, काढली होती. आमच्याकडे मिग म्हणजे विमान नव्हे, नोकरी. ज्याच्या घरात मिगचा माणूस असतो त्या घरात भिंतीवरचं घड्याळ कधी तिरकं नसतं, आणि लग्नात मांडव नीट बांधलाय की नाही हे बघायला त्यालाच पाठवतात. काकांनी चाकाच्या वरच्या कडेवरून हात फिरवला, मग खालच्या. ताप बघतात तसा.

"विमान उडाल्यावर चाकं आत घेतं," ते म्हणाले. "हिने उभ्या उभ्याच घेतलीत. कुठे निघालीय?"

मी हसलो. ते हसले नाहीत. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी पिशवीत हात घातला आणि आतून ओळंबा काढला. गवंड्याचा असतो तो, दोरीला बांधलेला पितळी. त्यापाठोपाठ खडू, त्यापाठोपाठ टेप. रविवारी सकाळी ओळंबा घेऊन घराबाहेर पडणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणणार?

"धरा."

मी धरला. पुढच्या टायरच्या मधल्या खाचेवर, आसाच्या उंचीला दोरी टेकवायची, ओळंबा जमिनीला जेमतेम लागू द्यायचा, हलायचा थांबला की खाली खडूची खूण. टायरच्या पुढून एक, मागून एक. दोन चाकं, चार खुणा. ओळंबा हलायचा काही थांबेना, कारण धरणारा हलत होता. "श्वास सोडून धरा," काका म्हणाले. मी ऑइल सांडलेल्या फरशीवर पांढऱ्या पँटने गुडघे टेकलेले. (पांढरी का, तर इथून पुढे साखरपुड्याला जायचं होतं. गेलो नाही.) मागे उभ्या असलेल्या टेम्पोवाल्याने मोबाईल काढला. शूटिंग केलं की नाही माहीत नाही, पण मोबाईल आडवा धरला होता.

"आता गाडी मागे ढकला."

"स्टार्ट करून घेतो ना काका."

"ढकला. स्टेअरिंगला हात लागला की सगळं पाण्यात."

मी माझीच गाडी, जिला मी १६ हजार घालून जमिनीच्या जवळ आणलं, बॉनेटला छाती लावून ढकलली. टेम्पोवाल्याने मोबाईल दुसऱ्या हातात घेतला.

मग फरशीवर टेप. पुढच्या दोन खुणांमध्ये १,४२६ मिलिमीटर. मागच्या दोन खुणांमध्ये १,४२०. काकांनी पेपरच्या कोऱ्या जागेत वजाबाकी मांडली, सहा लिहिले आणि सहाखाली दोन रेघा ओढल्या. "सहा मिलिमीटर बाहेर. तुमचं एक चाक त्र्यंबकला निघालंय, दुसरं सिन्नरला. टायर काय करील?"

तेवढ्यात पोरगा आला, तोंडाला तर्री. तो या माणसाला हाकलेल अशी माझी अपेक्षा होती. त्याने आधी काकांना नमस्कार केला, मग खडूच्या खुणांना वळसा घालून आत गेला. मी हळूच विचारलं, हे कोण? "गाळा त्यांचाच आहे ना भाऊ. आपण भाड्याने." एवढं झाल्यावर मला कळलं, की दोन तास मी एका घरमालकाच्या विरंगुळ्याला चहाचे पैसेसुद्धा देत होतो.

मशीन थ्रीडी. चारही चाकांना पाट्या लावतात, समोरचे कॅमेरे त्या बघतात, गाडी थोडी मागेपुढे ढकलली की स्क्रीनवर आकडे येतात. पण आधी रॅम्पवर चढायला हवं. चार फळ्या, त्यावर दोन फळ्या, एका बाजूला अंगणात लावतात तो गट्टू. मी इंच इंच चढवतोय आणि काका खाली वाकून ओरडतायत, "बोटभर आहे... अर्धं बोट आहे... नखभर आहे..." नखभरानंतर काका गप्प झाले आणि गाडी बोलली.

स्क्रीन सगळा लाल. टो ६.२ मिलिमीटर बाहेर. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन दशांश मशीनचं चुकलंय."

आणि मला तेव्हा खरंच राग आला. मशीनचा नाही, काकांचाही नाही. कशाचा, ते ऐका. पोराने टाय रॉडचा चेकनट सैल केला, दोन्हीकडे पाना फिरवला, टो हिरवा झाला. सहा-सात मिनिटं. कॅम्बर लालच. डावीकडे उणे १ अंश ५० मिनिटं, उजवीकडे उणे १ अंश १० मिनिटं (घड्याळाची नव्हे, अंशाचा साठावा भाग म्हणजे मिनिट). "कॅम्बर या गाडीला होत नाही भाऊ. कंपनीने दिलेलंच नाही." बरोबर आहे त्याचं. पण स्ट्रटच्या, म्हणजे पुढच्या शॉकअब्जॉर्बरच्या, बोल्टच्या जागी खास कॅम्बर बोल्ट घातला की एखाद-दीड अंश सरळ करता येतो, हेही बरोबर आहे. "तो पुण्याहून मागवावा लागतो." पुण्याहून. द्राक्षं, कांदे, लढाऊ विमानं इथून निघतात आणि बोटाएवढा बोल्ट पुण्याहून. मागची चाकं तर एका अखंड आडव्या बीमवर बसवलेली, तिथे फिरवायला काहीच नाही. मशीनने त्यांचेही आकडे लाल दाखवले, पोराने त्यांच्याकडे बघितलं, मीही बघितलं, पुढे निघालो. बिल मात्र चार चाकांचं.

अलायमेंट ४५०. 'मॉडिफाय' ३००. बॅलन्सिंगचं शिसं १४०. फळ्या ५०.

"फळ्यांचे पैसे?"

"मोडल्या असत्या तर भाऊ."

मोडल्या नव्हत्या. ९४० दिले. मला माहीत आहे, गंगापूर रोडच्या मानाने हे स्वस्त आहे. पण २,४०० मागणाऱ्याने मला सर म्हटलं होतं आणि बिलावर काही लिहिणार नव्हता. वर सल्ला: दर दोन महिन्यांनी टायर रिमवर पालथं करून घ्या, म्हणजे आतली कड बाहेर येईल. त्याचे दोनशे वेगळे. चादरीचा फाटका भाग गादीखाली घालायचा, तसं.

निघताना काका म्हणाले, "इंदिरानगरच्या बोगद्यापर्यंत सोडा." मुलगा न्यायला येणार होता, पण त्यांना गाडी सरळ जाते का ते तपासायचं होतं. बसताना ते आधी उभ्या उभ्या बसले, मग आणखी खाली बसले, मग "अजून आहे?" असं विचारून पूर्ण बसले.

गाडी सरळ गेली. स्टेअरिंग सोडलं तरी सरळ. फक्त रस्ता सरळ नव्हता. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो आणि त्याआधी आमच्याकडे रस्ता उघडून बघायची पद्धत आहे, त्यामुळे सध्या अर्ध्या शहरात डांबर, खडी, पुन्हा डांबर, मग एकदम काहीच नाही, असं आहे. गतिरोधक तर विचारूच नका. नियमाप्रमाणे तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे गाडी हलके चढते, हलके उतरते. आमच्या कॉलनीतला पाहिलात तर रस्त्यात वरवंटा आडवा पुरलाय. त्या पुरणाऱ्याच्या बिलावर कोणी निळ्या पेनाने काही लिहिलं असेल असं वाटत नाही.

काका मोजत होते. "एक." खर्र. "दोन." मी तिरकी काढून बघितली. "तीन. तिरकी काढून अर्धीच घासते, पण मी एकच धरतो." बोगद्यापर्यंत अकरा झाले. उतरताना त्यांना उठवेना. मी फिरून पलीकडे गेलो, दोन्ही हात धरले आणि विहिरीतून काढतात तसं वर काढलं. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला. काका सावरले, पिशवी तपासली, ओळंबा आहे ना बघितलं, आणि खिडकीतून डोकं घालण्यासाठी जवळजवळ घडी होऊन म्हणाले, "नंबर द्या तुमचा. बोल्ट आले की त्याला सांगून फोन करायला लावतो."

दिला.

आज सकाळपासून तीन फोन आले. बोल्टचं अवाक्षर नाही. "घासली का?" एवढंच विचारतात, मी हो म्हटलं की "बारा" म्हणून ठेवून देतात. आत्ता चौदावर आहोत.