नरक्याचा काढा कर्करोगावरचं औषध नाही

'नरक्याच्या सालीचा काढा प्या, कर्करोग बरा होतो' असा संदेश फिरतोय. हे खोटं आहे आणि घातकही. सह्याद्रीतल्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाच्या पेशी मारणारं द्रव्य असतं, हे खरं. पण १९७०च्या सुमारास ते रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव, रक्तपेशी घटणं असे गंभीर त्रास झाले. आज रुग्णालयात मिळणारी टोपोटेकन, इरिनोटेकन ही त्यात रासायनिक बदल करून बनवलेली औषधं आहेत, आणि तीही डॉक्टर मात्रा मोजूनच देतात. घरच्या काढ्यात किती उतरलं, हे कोण मोजणार?

शिवाय साल-मुळांसाठी अख्खं झाडच तोडतात. अशा चोरट्या तोडीमुळेच नरक्या दुर्मीळ झालाय. साल कुणी विकायला आणली तर कृपया घेऊ नका, वनविभागाला १९२६ वर कळवा.