मणक्यात गॅप आणण्याचा सोपा मार्ग

राजेहो, चाळिशी उलटली, दुचाकीचे हप्तेही फिटले, आणि तुमच्या मणक्यात अजून गॅप नाही? मग जेवणाच्या सुट्टीत चार माणसांत तुम्ही बोलता तरी कशावर? (तसं पाहिलं तर दोन मणक्यांमधली चकती झिजली की एक्स-रेत त्यांच्यातली जागा कमी झालेली दिसते. पण "गॅप कमी झाला" म्हटल्यावर घरचे वजन उचलायला सांगतात, "गॅप आला" म्हटल्यावर नाही.)

आधी माल ओळखून घ्या. कण्यात अशा २३ चकत्या असतात. नागपूरकर असल्यामुळे संत्र्याची उपमा तोंडावर आली होती, पण नातं कांद्याशी जास्त जुळतं. मधे पाण्याने तुडुंब मऊ गर आणि भोवती चिवट तंतूंचे १५ ते २५ पापुद्रे, एकातले तंतू उजवीकडे तिरपे तर पुढच्यातले डावीकडे. सावकाश दाब दिला की गरातलं पाणी झिरपून बाहेर जातं आणि चकती बसते. एकदम दणका दिला तर पाण्याला निघायला वेळच मिळत नाही. चकती कडक होते आणि धक्का वरच्या मणक्याच्या अंगावर ढकलते. रात्री आपण आडवे झालो की गेलेलं पाणी परत ओढून घेते, म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. अशी चिवट जात एका खड्ड्याला दाद देत नाही. तिला रोज, दुचाकीवरून, तालात हलवावं लागतं.

तो ताल महत्त्वाचा. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा वरखाली हललं की झोपाळ्यासारखं वागतं. नेमक्या वेळी नुसतं बोट लावलं तरी झोपाळा चढत जातो ना, तसंच. या तालात सीट जेवढी उडते त्याहून तुमची पाठ जास्त उडते. आता गणित करा. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. दर दोन मीटरला एक उंचवटा सापडला की सेकंदाला बरोब्बर पाच. असा रस्ता शोधायला मानेवाड्याहून हिंगणा एमआयडीसीपर्यंत जायची गरज नाही. केबलसाठी खोदून माती लोटून दिलेली कुठलीही गल्ली चालेल. सिमेंट रोडवरून शेजारच्या गल्लीत उतरताना जी पायरी लागते, ती वर बोनस.

युरोपातले लोक याबाबतीत फार नाजूक. २००२ साली त्यांनी कामगारांसाठी नियमच केला. आठ तासांच्या पाळीत कंपनाचं सरासरी त्वरण ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेलं की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि १.१५ च्या पुढे जाऊच द्यायचं नाही. १.१५ म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा आठवा हिस्सादेखील नाही! एवढ्याला आपल्याकडे कोणी हँडल घट्ट धरत नाही.

काही चुका मात्र टाळा. टायरमध्ये हवा दगडासारखी टाईट भरा. खड्डा दिसला म्हणून फूटरेस्टवर पाय दाबून सीटवरून उठू नका. गुडघे वाकले की अर्धा धक्का तेच खातात आणि चकतीच्या वाट्याला काही उरत नाही. वाटेत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घ्यायला थांबणंही वाईट. खर्ऱ्याने काय व्हायचं ते होवो, पण त्या निमित्ताने तुम्ही गाडीवरून उतरता, दहा पावलं चालता, पाठीच्या स्नायूंना दम मिळतो. तासभर हादरलेले स्नायू थकलेले असतात, वजन आल्यावर सावरायला उशीर करतात. ही संधी वाया घालवायची नसते. घरी पोचल्या पोचल्या, हेल्मेट काढायच्या आत, २० लिटरची पाण्याची कॅन कमरेतून वाकून उचला.

सकाळचा मुहूर्त त्याहून चांगला. रात्रभर पाणी पिऊन चकती टम्म फुगलेली असते, आणि त्या वेळी वाकलं की मागच्या पापुद्र्यांवर दिवसातला सगळ्यात जास्त ताण येतो. मे महिन्यात तर वेगळं काही करावंच लागत नाही. डोळे चोळत उठा आणि बादली बादलीने कूलर भरा.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर गाडीचे शॉकअप अजून शाबूत आहेत का, एकदा बघून घ्या. माझ्या गाडीच्या शॉकअपमधून ऑइल गळत होतं. मेकॅनिकने सीटवर दोन्ही हातांनी दाब दिला, गाडी भसकन खाली गेली आणि वरखाली डुलतच राहिली. "गेले हे," तो म्हणाला, "किती दिवस असेच चालवून राहिले तुम्ही?" म्हटलं, दोन पावसाळे झाले असतील. नवीन जोडी तासाभरात लागली. पैसे द्यायला मी स्टुलावरून उठलो, तर तो पाना हातात धरून माझ्याकडेच बघत होता.

"भाऊ, गाडी तर झाली सरळ. तुम्ही काऊन वाकडे उभे?"